गुलाबाच्या कुंडीतला पुदिना

थोरलीने गुलाबाच्या बुंध्याजवळची माती बोटांनी उकरली आणि ती तिथेच थांबली. गुलाबाच्या मुळांत पुदिन्याची पांढरी मुळं गुंतली होती.

शेजारच्या कुंडीतून पुदिन्याची एक फांदी काठावरून लवून इकडे आली होती. मातीला टेकली तिथे तिने मुळं धरली होती, नवी पानंही काढली होती. थोरलीने मध्यंतरी याच मातीत कीडनाशकाचे दाणे पुरले होते. मुळांनी ते शोषायचं, पाण्याबरोबर ते पानापानांत चढायचं आणि पान कुरतडणारी कीड मरायची. गुलाबाची पानं माणसं थोडीच खातात, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

"अगं, पुदिना कुठला तोडतेस तू?" तिने आत हाक दिली.

"का, चोरी पकडली वाटतं?" धाकटी जाऊ ओले हात पुसत गच्चीत आली. "गुलाब तुमचा, पुदिना माझा. वाटण्या कधीच झाल्यात आपल्या."

"थट्टा नको. या मातीत औषध आहे. किडीचं."

धाकटीचा पुसणारा हात थांबला. "मी तीन-तीन पाण्यांनी धुते, ताई. छकुलीच्या सरबतात घालायचा म्हणून."

"धुऊन जात नाही ते. वरून फवारलेलं नाही. पानाच्या आत असतं, शिरांत."

दोघींनी दारातून आत पाहिलं. धाकटीची लेक छकुली पलंगावर पालथी झोपली होती. येता-जाता पान तोडून चघळायची तिची सवय सगळ्या घराला ठाऊक होती.

"पण गुलाबाखालचा नाही तोडत मी," धाकटी घाईघाईने म्हणाली. "काटे लागतात. तिलाही ताकीद आहे, तिकडे हात घालायचा नाही. हे बघा, इथून तोडतो आम्ही."

खरंच, खुडलेले शेंडे सगळे पुदिन्याच्या कुंडीतले होते. गुलाबाखालच्या पानांना कुणी हात लावला नव्हता.

थोरली कठड्याला टेकली. "काट्यांनी वाचवलं म्हणायचं."

"आणि तुम्ही मारलं असतंत." धाकटी पदराने डोळे टिपत हसली. "वनस्पतिशास्त्र कॉलेजात ठेवून येत जा हो."

थोरलीही हसली. ती फांदी छाटून टाकावी म्हणून कात्री घेऊन वाकली. दोन कुंड्यांमध्ये ती सुतळीएवढी जाड फांदी ताणलेली होती. आधारासाठी थोरलीने पुदिन्याच्या मातीवर हात टेकला. माती कोरडी, दगडासारखी घट्ट होती, कुंडीच्या कडेपासून सुटून आली होती. वर पानं मात्र भरदार.

"याला पाणी कधी घातलं होतंस?"

"त्याला कुठे लागतं? घालायचं विसरले तरी मेला टवटवीत. तुमच्या गुलाबाला मात्र रोज तांब्याभर. तुमचाच हुकूम ना."

थोरलीची नजर गुलाबाच्या ओल्या मातीवरून त्या फांदीवर आली आणि फांदीबरोबर सरकत पुदिन्याच्या खुडलेल्या शेंड्यांपर्यंत गेली. तिने कात्री खाली ठेवली आणि फळीवरून औषधाचा पुडा उचलला.

"तिला उठव. दवाखान्यात जाऊ."

"आत्ता तर म्हणालात..."

"याला पाणी गुलाबाच्या मातीतून येतंय, त्या फांदीतून. उठव तिला."

धाकटी आत गेली. "छकुली," तिने हाक मारली. मग जरा मोठ्याने, "ए छकुले."