तो सुरू झाला की

बाळांच्या डोक्याला तारा चिकटवून मेंदूचा आलेख काढायचं काम मी करते. जीभ माझी तिखट, आणि हा बाप तर बघताक्षणीच डोक्यात गेला.

"ही चिमटे काढते त्याला," बायकोकडे बोट दाखवत तो म्हणाला. "हिने उचललं की पोरगं दचकतं."

बायकोच्या मांडीवर सहा महिन्यांचा मुलगा. तिच्या कानामागे काळंनिळं झालेलं.

"पडले मी," ती म्हणाली. मी काही विचारलंच नव्हतं.

"झोपेतून उठल्यावर दचकतो का?"

"हो ताई, एकामागोमाग. मान पुढे पडते, हात ताठ होतात."

"उठल्यावर घेतं कोण?"

"मीच."

म्हणजे पोराला घ्यायचं हिने आणि मारही हिनेच खायचा.

मी तिच्या हातात बटण दिलं. ते दाबलं की आलेखावर खूण उमटते. "तो सुरू झाला की लगेच दाबायचं. घाबरायचं नाही," मी बजावलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "खरंच दाबू?"

"मग शोभेला दिलंय का?"

बाळ पलंगावर झोपलं, बाप शेजारच्या खुर्चीत बसला. मी छतातला कॅमेरा चालू केला आणि पलीकडच्या खोलीत दुसऱ्या मुलाला तारा लावायला गेले.

परत आले तेव्हा ती पदर सारखा करून बाळाला थोपटत होती. दुपारी डॉक्टरांच्या खोलीत, आईबाप धरून, आम्ही सगळे आलेख बघायला बसलो. पहिली खूण आली तेव्हा बाळ गाढ झोपलेलं होतं. झटक्याचा पत्ता नव्हता.

"इथे का दाबलं?" डॉक्टरांनी विचारलं आणि कॅमेऱ्याचं चित्र मोठं केलं.

पडद्यावर बापाने तिचा हात पाठीमागे पिरगाळला होता. पुढच्या खुणेला तिचे केस त्याच्या मुठीत होते. त्यानंतर त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. बटण हातातून उडालं, ती जमिनीवर पडली. खुणा तिथेच संपल्या.

मग बाळ आपसूक जागं झालं. जवळ कोणीही नव्हतं. मान पुढे पडली, हात ताठ झाले, आणि आलेखावरच्या लाटा नुसत्या पिसाळल्या. बापाने त्याला उचललं. बाळाला त्याच्याच हातांत झटका आला, मग पुन्हा आला. तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने बाळाला खाली ठेवलं आणि तिच्या पोटात लाथ घातली.

कळलं होतं त्याला. कळूनही घातली.

"हे दचकणं नाही, आजार आहे," डॉक्टर कसंबसं म्हणाले. "औषध आजच सुरू करू. आईने काहीही केलेलं नाही."

"पण तुला बाळासाठी बटण दिलं होतं गं," मी तिला म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात ना, तो सुरू झाला की दाब." तिने नवऱ्याकडे मान वळवली. "मला वाटलं, तुम्हाला कळलंय."

बाप टेबलावरून तिच्या अंगावर झेपावला. मी लोखंडी स्टूल उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो किंचाळत कोसळला. शिव्या देत पुन्हा तिच्याकडे सरकायला लागला, तेव्हा आणखी एकदा घातलं. डॉक्टर दाराला पाठ लावून पोलिसांना फोन करत होते.

ती बाळाला छातीशी धरून कोपऱ्यात उभी होती. हातात बटण नव्हतं, तरी तिचा अंगठा मुठीवर दाबतच होता.

"पुरे आता," मी तिचा अंगठा धरला. "मी बघतेय."