कापडाखालची लाल गाडी

मित्रांनो, मी एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. जुनी म्हणा, माझी हरकत नाही. खटारा मात्र म्हणू नका. १९८४ साली बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या सीटचे कातडे हातांनी शिवलेले, डॅशबोर्ड अक्रोडाच्या लाकडाचा. त्यामुळे मी तेव्हा जरा तोऱ्यातच असे.

नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर श्रीनिवास यांनी मला विकत घेतले. पुण्याहून आल्यावर मिळेल त्या गावी नोकरी करत त्यांनी बरीच वर्षे काढली होती. कन्सल्टंट झाल्यावर कुठे त्यांनी ही हौस केली. मी घरी आले त्या दिवशी त्यांच्या पत्नी सुप्रभाताईंनी माझ्या बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढले, चाकांखाली लिंबे ठेवली. कुंपणापलीकडच्या आजीबाई चहाचा कप हातात धरून पाहतच राहिल्या. मला अगदी भरून आले.

पण दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी मला गॅरेजमध्ये नेऊन मऊ कापडाने झाकले. चांगल्या वस्तूंची त्या घरात हीच रीत होती. चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी, चांगली साडी लग्नासाठी आणि मी दसऱ्यासाठी! सीटवरचे प्लास्टिकसुद्धा त्यांनी काढले नाही. कामावर ते जुन्या निळ्या गाडीतून जात.

दर रविवारी मात्र ते येत, पाच मिनिटे इंजिन चालू ठेवत आणि बंद करून कापड पुन्हा सारखे करत. त्यांची माया होती हो, नाही कशी म्हणू? पण तेवढ्यात मी धड गरमही होत नसे. इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये धरलेली ओल तशीच राही, बॅटरी खर्च होई ती भरून निघत नसे. रबरी नळ्या सुकत चालल्या, ब्रेक आखडले. वरून मी चकचकीत होते आणि आतून आजारी.

१९९१च्या दसऱ्याला व्हायचे तेच झाले. दोघे माझ्यातून बर्मिंगहॅमला मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला निघाले होते. मोटरवेवर माझी एक नळी फुटली आणि बॉनेटमधून वाफेचे लोट निघाले. रेशमी कुर्त्यातले डॉक्टर आणि शालू नेसलेल्या सुप्रभाताई रस्त्याच्या कडेला पावसात भिजत उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पुढे मंडळात जो तो विचारू लागला, "काय डॉक्टर, गाडी आहे की शोपीस?"

"विकून टाकतो," डॉक्टर घरी म्हणाले. "इतकं जपलं, तरी टोटली अनरिलायबल!"

सुप्रभाताई त्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होत्या. "अहो, हिपचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला आम्ही लगेच उभं करतो. तुम्ही हिला इतकी वर्षं बेडवर ठेवलंत. सांधे आखडणारच ना?"

"ती पेशंट नाहीये, सुप्रभा."

"मग दर रविवारी नाडी कशाला बघता? वर्षभर मला द्या."

"वर्षभर घे. पण मग मी पेपरला ॲड देणार, आत्ताच सांगून ठेवतो."

मित्रांनो, माझे खरे आयुष्य तिथून सुरू झाले. ताईंनी आधी ते प्लास्टिक ओढून काढले. मग फुटण्याची वाट न पाहता सगळ्या रबरी नळ्या आणि पट्टे बदलून घेतले, ब्रेकचे जुने तेल काढून नवे भरायला लावले. रोज त्या मला कामावर नेत, तेही लांबच्या रस्त्याने, म्हणजे इंजिन पुरते तापेल. तापेपर्यंत मला कधी पळवत नसत. इंजिनाचे तेल वेळच्या वेळी बदलत. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने पत्रा गंजतो. ताई गमबूट घालून, पाइप घेऊन माझे पोटसुद्धा धुऊन काढत. कार्पेटवर चकलीचा चुरा सांडू लागला आणि माझा तोरा कुठल्या कुठे गेला. त्या वर्षात मी त्यांना एकदाही वाटेत अडकवले नाही.

तरी ॲड आलीच. केंब्रिजहून एक गृहस्थ मला पाहायला आले. डॉक्टर शेजारी बसले आणि त्या गृहस्थांनी मला लांबवर चालवून पाहिले. पहिल्याच किल्लीला मी सुरू झाले, पण आतून मला रडू येत होते. आपण जितके चांगले चालू तितक्या लवकर परक्याच्या घरी जाऊ, हे मला कळत होते. तरीही ताईंची मेहनत वाया घालवायला माझे मन धजेना. मी जीव लावून चालले.

"लव्हली! अगदी नीट वापरलीये," परत आल्यावर ते गृहस्थ म्हणाले. "झाकून ठेवलेली असती तर मी घेतलीच नसती."

त्यांनी सौद्यासाठी हात पुढे केला. डॉक्टरांनी आपला हात माझ्या बॉनेटवर ठेवला. मग म्हणाले, "आय ॲम सॉरी. ही माझ्या मिसेसची कार आहे."

पाहुणे गेल्यावर त्यांनी दारात उभ्या असलेल्या ताईंच्या हातात किल्ली ठेवली. ताई काही विचारणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "घरातलं दूध संपलंय. जाऊन घेऊन येतेस का?"

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी वस्तू फार लाडाने झाकून ठेवलेली असेल. तिला बाहेर काढा, पुसा, तिचे तेलपाणी बघा आणि हातून वापरली जाऊ द्या. मला स्वस्तिक मिळाले, हार मिळाले, त्यासाठी मी त्या घराची ऋणी आहे. पण ज्या दिवशी त्यांनी मला दूध आणायला धाडले, त्या दिवशी मी त्या घरातली झाले.