पूर्णगडच्या ओटीवरचं व्हिडिओ पोकर

मी व्हिडिओ पोकरचं मशीन बोलतोय. पूर्णगडला, सुहासच्या ओटीवरून. माझ्या एका बाजूला चपलांचा खण आहे आणि दुसऱ्या बाजूला सुपात वाळत घातलेली आमसुलं. मी खोटं बोलत नाही. थोडं वाढवून सांगतो, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला आणि उमेदीची वीस वर्षं गोव्याच्या एका हॉटेलातल्या कॅसिनोत गेली. माझं काम सोपं. मी काचेवर पाच पत्ते दाखवायचे. तुम्हाला हवे ते बटण दाबून ठेवायचे, नको ते टाकायचे. टाकलेले मी एकदाच बदलून देतो. मग कपाळावरच्या तक्त्याप्रमाणे बक्षीस, नाहीतर राम राम. एक गृहस्थ माझ्यासमोर काळ्याभोर केसांनी बसले आणि उठले तेव्हा डोकं पांढरंशुभ्र. सगळा हॉल हळहळला. नंतर कळलं, घामाने कलप उतरला होता.

पुढे नवी मशीनं आली आणि मी भंगारात गेलो. तिथे मला सुहासने पाहिलं. तो त्याच हॉटेलात वेटर होता, आणि गावी परतून घरातच पाहुण्यांची सोय करायचं त्याच्या डोक्यात होतं. शिमग्याच्या आदल्या दिवशी आंब्याच्या रिकाम्या पेट्यांबरोबर टेम्पोत बसून मी पूर्णगडला उतरलो. सुहासने रस्त्यावर पाटी लावली : ‘कॅसिनो गेटवे. समुद्र, किल्ला, व्हिडिओ पोकर. घरगुती जेवण मिळेल.’

रसिका, म्हणजे सुहासची बायको, पाटी वाचून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “पैशाचा जुगार माझ्या ओटीवर चालायचा नाय.”

“पैसे कुठले? काजूबिया लावायच्या,” सुहास म्हणाला आणि त्याने माझं नोटा गिळायचं तोंड चिकटपट्टीने बंद केलं. हिशेबाला रसिका आणि बियांचा डबा.

पाहुणे आले, नाही असं नाही. एकाने माझ्यात एटीएमचं कार्ड घालून पाहिलं. दुसऱ्याने मोबाईल चार्ज करायला माझीच वायर काढली. खरी खेळायला बसली ती शेजारची मालनकाकी.

मालनकाकी म्हणजे वाडीतली मेंढीकोटाची राणी. मेंढीकोटात दश्शी म्हणजे मेंढी, आणि सगळा जीव मेंढ्यांत. त्यामुळे काकी माझ्याकडचे राजे, राण्या, एक्के खुशाल फेकायची आणि दश्शी छातीशी धरायची. माझ्या तक्त्यात गुलामाच्या खालच्या जोडीला शेंगदाणासुद्धा मिळत नाही. रसिकाचा डबा दिवसेंदिवस जड होत गेला. वीस वर्षांत मला असा भिडू भेटला नव्हता.

पण एवढी राणी एकटीच माझ्याशी का खेळते? तर तिचा जोडीदार तुटला होता. आप्पा, तिचे धाकटे दीर, शाळेतले निवृत्त लिपिक. तीस वर्षं दोघं एका जोडीने खेळत आली. दोघांची एक गुपित खूण होती, जी वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. आप्पा खोकले की काकीने मेंढी टाकायची. हात आप्पा मारणार. गेल्या मे महिन्यात वाडीच्या पूजेला मेंढीकोटाच्या स्पर्धेची शेवटची फेरी होती. आप्पा खोकले, काकीने मेंढी टाकली, आणि आप्पांच्या हातात निघाली दुर्री. त्यांना अगरबत्तीचा ठसका लागला होता. तेव्हापासून वर्षभर अबोला.

तरी आप्पा रोज दुपारी यायचे आणि काकीच्या पाठीमागे उभे राहून माझा तक्ता वाचायचे. बोलायचे रसिकाशी.

“रसिका, कोणाला तरी सांग, राजा असा टाकायचा नसतो.”

“रसिका, कोणाला तरी सांग,” काकी वळूनही बघायची नाही, “ज्याला आपला घसा आवरत नाय त्याने दुसऱ्याला अक्कल शिकवू नये.”

रसिका कोळंबी सोलत म्हणायची, “दोघांनी ऐकलंत ना? मग मी कशाला सांगू.”

यंदाची पूजा जवळ आली. स्पर्धेला नावं द्यायचा शेवटचा दिवस उजाडला. काकीला दुसरा जोडीदार मिळेना, आप्पांना नको होता. त्या दुपारी काकी उरलेल्या सगळ्या बिया पदरात घेऊन बसली. रसिका विहिरीवर गेलेली, सुहास झोपलेला. आप्पा नेहमीच्या जागी. निरोप पोचवायला कुणीच नाही.

मी पाच पत्ते टाकले. इस्पिकची दश्शी, गुलाम, राणी, राजा. आणि पाचवी बदामची दश्शी. बदाम टाकून इस्पिकचा एक्का आला तर माझ्या तक्त्यातलं सगळ्यात वरचं बक्षीस, रसिकाचा डबा रिकामा. पण त्यासाठी मेंढी टाकायची. काकीचं बोट दोन्ही दश्श्यांवर जाऊन बसलं.

पाठीमागे आप्पा खोकले.

काकीचं बोट थांबलं. अगरबत्ती नव्हती, धूर नव्हता. ओटीवर फक्त आमसुलांचा वास. किती वेळ गेला म्हणता? तेवढ्यात भरती येऊन ओहोटी लागली. बरं, भरती नसेल आली, पण वेळ गेला. मग काकीने चारी इस्पिक धरली आणि बदामची मेंढी टाकली.

आली किलवरची चव्वी.

सगळ्या बिया गेल्या. मला वाटलं, आता ओटीवर रामायण होणार.

काकी वर्षभरात पहिल्यांदा मागे वळली. “आप्पा, खोकलास, की खोकला आला?”

“खोकलो, वयनी.”

“नक्की?”

“नक्की. तक्ता चार वेळा वाचून खोकलो.”

“मग ठीक,” ती पदर झटकत उठली. “जा, नावं देऊन ये. पाच वाजता वही बंद करतात.”

स्पर्धेत काय झालं? पहिल्याच फेरीत जोडी उडाली. नेहमीची खूण सगळ्यांना ठाऊक, विरुद्ध बाजूचे दोघेही त्यांच्याबरोबर खोकत होते.

तेव्हापासून रोज दुपारी माझ्यासमोर चटई पडते. काकी आणि आप्पा एका बाजूचे, सुहास आणि रसिका दुसऱ्या बाजूचे. माझी वायर काढून तिथे पंखा लावलाय. मी अंधारा उभा असतो. काकीने आप्पांची जागा ठरवून टाकली आहे, माझ्याकडे पाठ करून. स्वतः ती समोर. आणि माझ्या पोटावरची बंद काच आरशासारखी असल्याने आप्पांचे सगळे पत्ते तिला खांद्यावरून लख्ख दिसतात. आप्पांना आता खोकावं लागत नाही. हल्ली तेही पत्ते जरा तिरके धरतात.

वीस वर्षं मी कुणाचं पान कुणाला दाखवलं नाही. म्हातारपणी हे असं झालं.

पुढच्या वर्षीची स्पर्धा याच ओटीवर घ्यायची, असं काकीने सगळ्यांना सांगून ठेवलंय. अडचण एकच. परवापासून रसिका माझ्याकडे आणि काकीकडे आळीपाळीने बघते, आणि काल ती माझ्या मापाचं जुनं पातळ शोधत होती. तेव्हा पूर्णगडला आलात तर तिला एवढंच सांगा, ‘मशीन झाकू नको, हवा लागली नाही तर बिघडतं.’ तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या पाहुण्याचं ती ऐकेल.