गांगुर्डे बाबांची चिप

सहादू गांगुर्ड्यांनी पाटीवर लिहिलं, 'परवा लग्न आहे', आणि पाटी लखनच्या डोळ्यांसमोर धरली. लखनने नुसती मान हलवली. सकाळपासून त्याने ती तीनदा वाचली होती.

मेन रोडच्या मागच्या बोळात लखनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक काउंटर, एक कॉम्प्युटर आणि दोन स्टुलं. त्या स्टुलांवर सहादू आणि त्यांची बायको लताबाई दहा वाजल्यापासून बसून होते. सहादूंच्या गळ्याला पांढरा रुमाल बांधलेला, आणि रुमालाखालच्या भोकातून त्यांचा श्वास चालू होता. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गळ्यातली आवाजाची पेटीच काढून टाकली होती.

आता हा आवाज काही असातसा नव्हता. नाशकातल्या बौद्ध वस्त्यांत, पार सायखेड्यापासून सिन्नरपर्यंत, सहादूंनी दोनशेच्या वर लग्नं लावली होती. माईक बंद पडला तरी त्यांचं त्रिशरण मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायचं. ते मंगलगाथा म्हणू लागले की तणतणत आलेले पाहुणेही मुकाट्याने हातात फुलं घेऊन उभे राहायचे. सहादूंना याचा गर्व होता, आणि तो झाकून ठेवावा असं त्यांना कधी वाटलं नाही. लेकीचं, तेजलचं, लग्न आपणच लावायचं हे तर ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं.

मध्ये हा आजार आडवा आला. ऑपरेशनच्या आधी बारा दिवस हातात होते. त्या बारा दिवसांत सहादूंनी अख्खा विधी मोबाइलवर रेकॉर्ड केला. वंदना, पंचशील, नवरानवरीच्या प्रतिज्ञा, आठही गाथा आणि शेवटी तेजलला आशीर्वाद. बोलता बोलता तोंडात रक्त यायचं, ते थुंकून यायचे आणि पुन्हा बसायचे. ऑपरेशननंतर नवऱ्याकडच्यांनी सिन्नरच्या चंदर बौद्धाचार्यांचं नाव सुचवलं, तेव्हा सहादूंनी पाटीवर मोठ्या अक्षरात 'गरज नाही' लिहून दाखवलं होतं.

मोबाइलमध्ये जागा नव्हती म्हणून त्यांनी सिन्नर स्टँडबाहेरच्या गाडीवरून बत्तीस जीबीची चिप घेतली होती. घेताना नेहमीच्या थाटात म्हणाले होते, "नुसती काय देतो? गाणी भरून दे की." गाडीवाल्याने भीमगीतं भरली, जुनी सिनेमाची भरली, वर दोन सिनेमेही भरले. सहादू खूश.

काल मांडववाल्याच्या स्पीकरवर चिप लावून बघितली. गाणी खणखणीत वाजली. सहादूंच्या फाइलींची नावं दिसत होती, तारीख दिसत होती, मिनिटंही दिसत होती. वाजत मात्र एकही नव्हती.

लखनने जमेल ते सगळं केलं. चिपची पितळी टोकं खोडरबरने घासली, दुसऱ्या मोबाइलमध्ये घालून पाहिली, कॉम्प्युटरला लावून गेलेल्या फाइली शोधायचं सॉफ्टवेअर दोनदा चालवलं. मग चिप काढून काउंटरवर ठेवली आणि खाली बघत बोलला.

"बाबा, चिप डुप्लिकेट आहे. वर बत्तीस छापलंय, आत जागा आठचीच. ती आठ गाण्यांनीच भरली. पुढं तुम्ही जे बोललात, त्याची तिनं फक्त नावं लिहून घेतली."

"मंग बोललेलं कुठं गेलं?" लताबाईंनी विचारलं.

"कुठंच नाय गेलं, मावशी. ते आत आलंच नाय. मोबाइलनं कधी 'सेव्ह झालं नाही' असं दाखवलं नव्हतं का?"

सहादूंनी लिहिलं, 'तीनचारदा. परत केलं की घ्यायचा.'

"घ्यायचा नाय, बाबा. घेतलं म्हणायचा."

"लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ पन पायले आम्ही," लताबाई म्हणाल्या. "रात्रीपास्नं साऱ्यांना फोन लावले. शूटिंगवाल्यांनी समद्यांत ह्यांचा आवाज काढून गाणी टाकलीत."

सहादूंनी पाटी पुसली. मग लिहिलं, 'चंदरला फोन कर', आणि पाटी बायकोकडे न वळवता तशीच मांडीवर पालथी घातली. लताबाईंनी ती उलटी करून वाचली. त्यांना भडभडून आलं, पण दुकानात रडायचं नाही म्हणून त्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

लखनला राहवेना. त्याने मोबाइलच चाळायला घेतला. "एक फाइल मोबाइलमध्येच आहे," तो म्हणाला. "चिप घालायच्या आधीची दिसते. दहा सेकंदांची."

सहादू ताडकन उठून काउंटरला चिकटले. लखनने आवाज पूर्ण वाढवला.

आधी लताबाईंचा आवाज आला. "अहो, येकदा लावून तर बघा, आवाज उठलाय का नीट."

मग तो आवाज आला. भरदार, घसा बसलेला, तरी बोळातल्या दोन माणसांनी मागे वळून पाहावं असा. "मला शिकवू नको. दोनशे लग्नं लावलीत मी. तू गप बस."

तेवढंच होतं.

सहादूंचा हात आपोआप रुमालाकडे गेला. त्यांनी घाईघाईने पाटी ओढली आणि लिहिलं, 'पुसून टाक'. खडू मोडला.

"नगं," लताबाई लखनला म्हणाल्या. "चांगली चिप दे. तिच्यात हे घालून दे."

सहादूंनी पाटीवर बोट आपटलं. लताबाईंनी पाटी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पदराने पुसली. "ह्यात तुमचा आवाज हाय," त्या म्हणाल्या. "दुसरा कुठं ऱ्हायलाय सांगा मला."

लखनने नवी चिप फोडली आणि फाइल तिच्यात घातली. "लावून बघू ना, मावशी?"

"लाव."

त्याने लावली. 'तू गप बस'पर्यंत ती पूर्ण वाजली. सहादू ह्या वेळी काही न लिहिता, शेवटपर्यंत ऐकत उभे होते.