उस्ताद फायेकचा पेट्रोल वाचवणारा डबा

बाटलीतलं पेट्रोल संपता संपत नव्हतं. त्रिपोलीच्या तल चौकात आम्ही टॅक्सीवाले त्या बाटलीभोवती असे दाटलो होतो, की मागचे गाड्यांच्या टपावर चढून पाहत होते. सगळ्या लेबनॉनमध्ये पंपांवर पहाटेपासून रांगा लागायच्या, ते दिवस. अशात कडक इस्त्रीचा शर्ट घालून उस्ताद फायेक आला. हातात काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेला एक डबा.

खेळ साधा होता. गाडीच्या आरशाला पेट्रोलची बाटली टांगायची आणि तिची नळी थेट इंजिनाला जोडायची. आधी डब्याशिवाय बंदरापर्यंत जाऊन यायचं. बाटली जवळजवळ रिकामी. मग सगळ्यांनी कॉफी घ्यायची. मग नळीला डबा बांधून तीच फेरी. बाटली अर्धीअधिक भरलेली.

"पेट्रोलचे कण झोपलेले असतात," उस्ताद सांगायचा. "माझा डबा त्यांना जागं करतो. काम जास्त कोण करतो, जागा माणूस की झोपलेला?"

डबे हातोहात खपले. डबा मुरेपर्यंत गाडी हळू चालवा, चाकांत हवा नीट ठेवा, एसी लावू नका, असं तो प्रत्येकाला बजावायचा. आणि बांधताना नळीच्या टोकाची लोखंडी पकड काढून तिथे सुतळी आवळायचा. लोखंड शक्ती खातं म्हणे.

त्या सुतळीने माझी झोप उडवली. आमच्या स्टँडवरचे सगळ्यांत जुने अबू लबीब रोज अबू समरा वस्तीचा चढ चढून शाळेच्या मुली पोचवायचे. डबा बसवल्यापासून त्यांच्या गाडीला पेट्रोलचा वास येत होता. मी बोललो, तर म्हणाले, "बशीर, हा पेट्रोलचा नाही, तुझ्या जळण्याचा वास आहे." सगळे हसले. पण ती गाडी चढाला लागली की माझं चित्त थाऱ्यावर राहायचं नाही.

त्या शाळेत मिस रबाब भौतिकशास्त्र शिकवायच्या. त्या माझ्या गाडीने जायच्या, म्हणून त्यांच्या कानावर सगळं घातलं. त्यांनी एकच विचारलं, "डबा नेहमी दुसऱ्याच फेरीला का? पहिल्या फेरीला का नाही?"

मी हे उस्तादला विचारून पाहिलं. तो म्हणाला, आधी पाप दिसल्याशिवाय पुण्याची किंमत कळत नाही.

मग मिस रबाबनी मला एक डबा दिला. तस्साच, काळ्या पट्टीत गुंडाळलेला. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. सकाळी उस्तादला म्हणालो, मीही एकाकडून डबा घेतलाय, आजचा खेळ माझ्या गाडीवर करा. तो खूश झाला. पहिली फेरी झाली, बाटली रिकामी. कॉफी झाली. मग माझा डबा नळीला बांधला आणि दुसरी फेरी झाली. बाटली अर्धीअधिक भरलेली.

उस्तादने ती उंच धरली. "बशीरसारख्या संशयखोराच्या गाडीतसुद्धा माझा डबा पावला!"

पहिला तास नव्हता म्हणून थांबलेल्या मिस रबाब गर्दीतून पुढे आल्या. डबा सोडवला, कात्रीने पट्टी कापली आणि आतलं सगळं बॉनेटवर ओतलं. उकडलेले हरभरे होते.

मागचे वाकून बघू लागले. उस्ताद मात्र डगमगला नाही. शेजारच्या गाड्यांतल्या डब्यांची शक्ती याही गाडीत उतरली, असं तो म्हणाला. आणि खोटं कशाला सांगू, काहींनी मानाही डोलावल्या. एकाने तर मिस रबाबना सुनावलं, की गरिबाच्या पोटावर कशाला पाय देता.

त्यांनी आवाज चढवला नाही. "पहिल्या फेरीला इंजिन थंड असतं. चोक ओढलात की ते पेट्रोल ढोसतं. तुमची कॉफी होईपर्यंत ते गरमच असतं, मग चोक लागत नाही. डबा लावा, हरभरे लावा, नाहीतर काहीच लावू नका. दुसरी फेरी कमीच पिणार."

"पण माझी तर रोज बचत होतेय," कुणीतरी म्हणालं.

"गाडी हळू चालवता ना? चाकांत हवा भरलीत ना? एसी बंद आहे ना? मग बचत त्याची आहे."

चोक आम्ही जन्मभर ओढत आलो होतो. पण त्या सकाळी सगळ्यांचे डोळे बाटलीवर होते.

एव्हाना अबू लबीब मुलींना सोडून परतले होते. गर्दीच्या कडेला उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. मग त्यांनी आपल्या गाडीचं बॉनेट उघडलं. सुतळी भिजून काळी झाली होती. तिच्यातून पेट्रोल थेंबथेंब गळत होतं, तापलेल्या पाइपापासून बोटभर अंतरावर. त्यांनी सुतळीला बोट लावून वास घेतला.

"वास मलाही येत होता, बशीर," ते हळूच म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. पण त्या रांगेत उभं राहून माणूस इतका थकतो, की त्याला खरं नको असतं, सुटका हवी असते."

मी त्यांच्या नळीला लोखंडी पकड लावून दिली. तोवर उस्ताद पिशवी उचलून गर्दीतून निसटला होता. त्याच्यामागे कुणी धावलंही नाही. जो तो आपापली सुतळी तपासत होता.

असे लोक पुन्हा येतील, चुंबक घेऊन, नाहीतर टाकीत टाकायची गोळी घेऊन. त्यांच्याशी भांडू नका. एवढंच म्हणा, "आज क्रम उलटा कर. गार इंजिनाला आधी तुझा डबा लाव, मग काढून दाखव." आणि मनात शंका आली, तर चारजण हसतील म्हणून थांबू नका. बॉनेट उघडा आणि बघा.