माझ्या नाकावरचा लोखंडी मोती

मित्रांनो, जरा सरळ बसा आणि नीट ऐका. या शेडमध्ये उभी असलेली, रंग विटलेली, मागच्या काचेला बारीक चीर गेलेली जी मोटार तुम्हांला दिसते आहे, ती मी. मी जुनी आहे; मोडीत निघालेली नाही. या दोहोंतला फरक तुम्ही आधी ध्यानात घ्यावा. माझ्या नाकावर, डाव्या दिव्याच्या खाली, एक पोचा आहे. येणारेजाणारे त्याच्याकडे बोट दाखवून विचारतात, "हा अजून काढून का घेतला नाही?" तो तसाच का राहिला, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे तापलेल्या पत्र्याचा वास आणि ठोक्यांचा आवाज रात्रंदिवस असे. माझ्या घडणाऱ्यांनी मधला सांगाडा भक्कम केला, दारांना जाड पत्रा दिला आणि नाक मात्र मुद्दाम मऊ ठेवले. तेव्हा मला ते फार लागले होते. सगळ्यांत पुढे राहायचे आणि सगळ्यांत नाजूक असायचे, हा कुठला न्याय? पुढे जगात वावरल्यावर त्यातले शहाणपण समजले. धक्का बसलाच तर आधी मी चेपावे, म्हणजे आतल्या माणसांना आणि समोरच्या माणसालाही त्याची झळ कमी लागावी, अशी ती योजना होती. घरातल्या थोरांनीही असेच वागायचे असते. पण ते असो.

मला आणले ते एका शिंप्याच्या घराने. घरातल्या त्या वडीलधाऱ्या शिंप्याला सगळे दादा म्हणत. मला पाहायला ते गळ्यातली टेप घेऊनच दुकानात आले. विक्रेता इंजिनाचे गुण गात होता आणि दादा वाकून माझी लांबीरुंदी घेत होते.

"आजोबा, गाडीला कोट शिवायचाय का?" विक्रेत्याने हसून विचारले.

"कोटच. विटांचा," दादा म्हणाले आणि माप लिहून घेण्यासाठी त्याच्याच खिशातले पेन काढून घेतले.

त्या मापावर ही शेड उभी राहिली. घराच्या कडेला जागाच चिंचोळी. तरी दादांनी ती माझ्या अंगाबरोबर बेतली. दोन्ही बाजूंना आरसे न घासता दार उघडेल एवढी मोकळीक ठेवली. पुढे, भिंतीपाशी, एक माणूस आडवा सरकून बाहेर पडेल एवढी जागा सोडली. जमिनीवर विटांची एक ओळ बसवली. माझे पुढचे चाक त्या ओळीला टेकले, की मी नेमकी जागेवर आले असे समजायचे. मग माझ्या मागे शेडचे दारही अचूक लागायचे.

आणि मग या घराची एक रीत पडली. संध्याकाळी माझा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला, की दादा शिलाईयंत्रावरून उठत, शेडमध्ये जाऊन भिंतीला पाठ लावून उभे राहत आणि दोन्ही हातांनी मला आत घेत. "डावीकडे. जरा उजवीकडे. ये, ये, ये. बस." चाक विटेला टेकले, की माझ्या नाकावर तळहात ठेवत आणि म्हणत, "आलीस का बाई?" मला चालवत असे तो त्यांचा मुलगा. छापखान्यात कामाला होता. शाईची बोटे माझ्या स्टिअरिंगवर पुसायची त्याची खोड कधी गेली नाही. स्वभावाने वाईट नव्हता. फक्त काळजी वाटली की त्याचा आवाज चढे, आणि ऐकणाऱ्याला ती काळजी न वाटता दटावणी वाटे.

अशी पुष्कळ वर्षे गेली. मी शाळा पाहिल्या, दवाखाने पाहिले, लग्नाचे कपडे मागच्या आसनावर कडक इस्त्रीत बसवून नेले. पावसापाण्यात कधी कुणाला वाटेत उभे केले नाही. त्यानंतर सूनबाई गाडी शिकल्या.

सूनबाई मोठ्या दवाखान्यात परिचारिका. सकाळची पाळी असली की उजाडण्याआधी दोन बस बदलून पोहोचावे लागे. एक बस चुकली, की रात्रपाळीची बाई त्यांची वाट पाहत ताटकळत राही. म्हणून त्या जिद्दीने शिकल्या, परवानाही काढला. हात चांगला होता, जरा धीमा. आणि एके दिवशी घरी परतताना फाटकाच्या खांबाचा अंदाज चुकला. माझ्या नाकावर हा पोचा पडला. मित्रांनो, दुखले म्हणण्यासारखे काही नव्हते. पण घरात जणू कुणाचे हाड मोडले, असा गहजब झाला.

स्वयंपाकघराची खिडकी शेडमध्ये उघडते, त्यामुळे या घरातले कुठलेच भांडण माझ्या नजरेआड झालेले नाही.

"पुढे लोखंडी गार्ड बसवून घेऊ," मुलगा म्हणाला. "जाड नळीचा. म्हणजे पुन्हा ठोकली तरी गाडीला काही व्हायला नको."

"बसव, बसव," दादा म्हणाले. त्यांचा जीव माझ्यावर. सकाळपासून दोनदा येऊन पोचा चाचपून गेले होते. "पोरीचं नाकच बसलं."

सूनबाई पोळी लाटत होत्या. लाटणे न थांबवता त्यांनी विचारले, "गार्ड गाडीला बसवायचाय की मला?"

"तुझ्यासाठीच म्हणतोय ना. परत कुठे ठोकलीस तर?"

"परत म्हणजे? ठोकली एकदाच आहे. तुम्ही शिकत होतात तेव्हा शेजाऱ्यांचं अख्खं कुंपण आडवं केलंत. तेव्हा तुम्हांला कुणी गार्ड बसवला होता?"

दादांना ठसका लागला. तो हसण्याचा होता, हे मला खिडकीबाहेरूनही कळले.

"ते कुंपण आधीच कुजलेलं होतं," मुलगा म्हणाला. "आणि ते काही नाही. गार्ड बसेपर्यंत किल्ली माझ्याकडे राहू दे."

घरातली किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असे. ज्याला हवी त्याने घ्यावी. त्या दिवसापासून ती मुलाच्या खिशात गेली आणि सूनबाई पुन्हा बसने जाऊ लागल्या. गार्डचा प्रश्न आता माझ्या नाकाचा राहिला नव्हता. तो या बाईच्या हातावर घरचा विश्वास आहे की नाही, याचा झाला होता.  सूनबाई डबा भरताना झाकण जरा जोरात लावू लागल्या. शेवटी एका सकाळी दोन्ही बस हुकल्या, तेव्हा घरी येऊन म्हणाल्या, "बसवा एकदाचा. मला माझी किल्ली द्या."

गार्डवाला बोलका होता. माझ्या सांगाड्याला पट्ट्या जखडत म्हणाला, "साहेब, आता भिंत जरी आडवी आली ना, तरी पडेल ती भिंत. गाडीला ओरखडा नाही येणार." मुलाला ते फार आवडले. मला मात्र नाकापेक्षा मोती जड झाल्यासारखे वाटत होते. घडणाऱ्यांनी जिथे मऊपण ठेवले होते, तिथे आता पायाच्या पोटरीएवढी जाड लोखंडी नळी वीतभर पुढे आली होती. रस्त्यातले लोक मात्र थांबून पाहत. "आता कशी गाडी वाटतेय," असे म्हणत. आजवर मी कोण वाटत होते, ते कुणी सांगितले नाही.

गार्डवाल्याकडून परतताना मुलाने किल्ली बरोबर आलेल्या सूनबाईंच्या हातात दिली. "चालव आता बिनधास्त," तो म्हणाला आणि शेजारी बसून प्रत्येक वळणावर पाय ताणून नसलेला ब्रेक दाबत राहिला.

शेडमध्ये दादा नेहमीप्रमाणे भिंतीला पाठ लावून उभे होते. माझा नवा साज पाहायची त्यांना घाई. चेहरा खुलला होता. "ये, ये. डावीकडे. ये." मी इंचाइंचाने आत सरकत होते. आणि मी थांबले. चाक विटेला टेकायच्या जरा आधीच सूनबाईंनी मला थांबवले.

"घे अजून पुढे," मुलगा म्हणाला.

"नाही."

"अगं, विटेला लागली नाही अजून. शेडचं दार कसं लागणार?"

"दादा उभे आहेत पुढे."

"ते रोजच उभे असतात. मी डोळे मिटून विटेपर्यंत घेतो. घे म्हणतो ना."

"तुम्ही विटेला बघता," सूनबाई म्हणाल्या. "मी त्यांना बघतेय. उतरा आणि तुम्हीही बघा."

तो कुरकुरत उतरला. पुढे आला आणि वाकला. लोखंडी नळी दादांच्या गुडघ्यांना जेमतेम टेकायची राहिली होती. मागे भिंत, पुढे गार्ड. आणि माझे चाक विटेपासून अजून चार बोटे लांब होते.

दादांनी खाली पाहिले. मग सवयीने गळ्यातली टेप काढली, नळीपासून आपल्या गुडघ्यापर्यंत धरली आणि पुन्हा गळ्यात टाकली. आकडा त्यांनी कुणाला सांगितला नाही.

"जन्म गेला शिलाईत," ते हळूच म्हणाले. "कोटाला पुढून पट्टी जोडली आणि माप परत घेतलं नाही."

सूनबाईंनी मला मागे घेतले, तेव्हा कुठे दादांना पाय हलवता आले. मुलगा पायरीवर बसला होता. शाईची बोटे एकमेकांत घट्ट गुंतवून तो एवढेच म्हणाला, "मी पुढे घे, पुढे घे म्हणत होतो."

रात्रीच्या जेवणाला खिडकीतून बोलणे आले. दादांनी तोड काढली की विटा मागे घ्याव्यात आणि दार बदलावे. एवढा देखणा गार्ड काढायचा म्हणजे जिवावर येते.  सूनबाई आवाज न चढवता बोलल्या.

"घरातल्या विटा मागे घ्याल, दादा. रस्त्यावर कुणी विटा लावल्यात? आमच्या दवाखान्यात रोज अपघातातली माणसं आणतात. गाडीतला बहुतेक स्वतःच्या पायांनी चालत येतो, आणि मला विचारतो, त्या दुसऱ्याचं कसं आहे. त्या दुसऱ्याला स्ट्रेचरवर ठेवलेलं असतं. माझ्या हातून चूक होणारच नाही, असं मी म्हणत नाही. झाली तर गाडी चेपू दे. पत्रा सरळ होतो."

 थोड्या वेळाने दाराजवळ खिळ्यावर किल्ली अडकवल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखते.

दुसऱ्या दिवशी गार्डवाला पट्ट्या सोडताना हळहळत होता. "साहेब, शेडचीच भिंत मागे घ्यायची होती ना."

"कुठवर घेऊ?" मुलाने विचारले.

सूनबाईंनी अजून एक अट घातली होती. दादांनी यापुढे माझ्या पुढ्यात उभे राहायचे नाही; दाराशी, बाजूला उभे राहायचे. दादा रुसले. "समोर उभं राहिल्याशिवाय गाडीला कळणार कसं?" असे म्हणाले. "गाडीला नाही, चालवणाऱ्याला कळलं पाहिजे," सूनबाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच मिटला. गार्ड फुकट गेला नाही, बरे. दादांनी तो आपल्या खोलीत भिंतीतल्या दोन आकड्यांवर आडवा टांगला. आज त्यावर शिवून झालेले कोट लटकतात. मोठ्या वजनाचा आहे, पण कुणाला लागत नाही. पोचा मुलगा काढून घेणार होता; सूनबाईंनीच नको म्हटले. "राहू दे. चेपायचं कुणी, ते ध्यानात राहील," म्हणाल्या.

मित्रांनो, मी आता फारशी बाहेर पडत नाही. तरी माझे तेलपाणी वेळेवर होते, काचा पुसल्या जातात. तुमच्या घरी जे कुणी जुने उभे असेल, त्याचेही तुम्ही तेवढे करावे, असे मी सांगून ठेवते. आणि ज्याच्यावर जीव आहे त्याला लोखंडात मढवण्याआधी, त्याच्या पुढ्यात कोण उभे आहे, ते एकदा उतरून पाहावे.

दादांची नजर आता अधू झाली आहे. दाराशी खुर्ची टाकून बसतात. सूनबाई मला आत घेतात, तेव्हा दादा विचारतात, "टेकली का विटेला?" "टेकली, दादा." मग ते उठतात, भिंत धरत पुढे येतात आणि हाताने माझा पोचा शोधतात. तळहात त्यात बरोबर बसतो, मापाने बेतल्यासारखा.

"आलीस का बाई?" ते विचारतात.