माझा दोर सुटला तेव्हा

मी एक जुनी लिफ्ट आहे, मित्रांनो. आज मी ठणठणीत दिसते, पण मध्यंतरी माझ्या हातून एका माणसाचा जीव जाता जाता राहिला. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही.

सुतारांनी मला मोठ्या हौसेनं घडवलं. सागवानी खोली, घडी होणारं पितळी जाळीचं दार, मागे आरसा आणि म्हाताऱ्यांना टेकायला भिंतीतून उघडणारी छोटी फळी. चार मजल्यांच्या या इमारतीत मला बसवलं, तेव्हा लोक काम नसतानाही उगाच वर-खाली करायचे. मी नव्या नवऱ्या नेल्या, आजारी माणसं नेली, तान्ही बाळं नेली. कधी कुरकुर केली नाही.

तिसऱ्या मजल्यावरची बबडी माझी विशेष लाडकी. लहानपणी ती आरशात जीभ काढून दाखवायची आणि दार लावताना "सावकाश गं" असं मलाच बजावायची. मोठेपणी ती वारसा जतन आणि व्यवस्थापन या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊ लागली. नेमकं तेव्हाच रहिवाशांनी मला भंगारात काढायचं ठरवलं. बबडी भर सभेत उभी राहिली. "ही गेली तर आपल्या इमारतीत बघण्यासारखं उरेल काय?" लोक विरघळले.

मग तिनं अभ्यासासाठी मलाच निवडलं. माझे फोटो काढले, लाकडावरचे पॉलिशचे थर तपासले, पितळेवरचे ओरखडेही टिपून ठेवले. इतकं कौतुक माझं कुणीच केलं नव्हतं. मी अगदी हुरळून गेले.

एक दिवस मेकॅनिक तपासणी करून दोर बदलायला आला. बबडीनं त्याला दारातच अडवलं. "काका, हे सगळे मूळ भाग आहेत. माझं सादरीकरण होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही."

तो आला तसा परत गेला. आणि मी? मीही खूश झाले!

सादरीकरणाच्या दिवशी सकाळी तिच्या मार्गदर्शक बाई मला बघायला आल्या. बबडीनं खालून हाक मारली, "बाबा, लिफ्टनंच ये हं! बाईंना ती चालताना बघायचीय."

इस्त्रीचा शर्ट घालून बाबा माझ्यात शिरले. आरशात बघून त्यांनी केस सारखे केले. दुसरा मजला मागे पडला आणि माझ्या डोक्यावर काहीतरी कडाडलं. दोर सुटला. मी कोसळले.

माझ्या पोलादी जबड्यांनी शेवटच्या क्षणी रूळ पकडले, म्हणून मी मध्येच अडकले. आरशाचा चुरा झाला होता. बाबा पाय मुडपून कोपऱ्यात पडले होते. बबडी जिन्यानं धावत आली.

"बाबा! बोल ना रे!"

"अगं, आहे मी. आधी दार उघडा कुणीतरी."

त्यांना बाहेर काढून दवाखान्यात पाठवलं, तेव्हा बबडी पांढरीफटक पडली होती. बाईंनी तिला पायरीवर बसवलं, पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "हिची शेवटची तपासणी कधी झाली होती?"

"होणार होती. मीच हात लावू दिला नाही," ती म्हणाली.

पुन्हा सभा भरली. "आजच्या आज काढा ही धोंड!" सगळे ओरडले. पायाला प्लॅस्टर घातलेले बाबा खुर्चीतून म्हणाले, "पडलो मी, आणि आरडाओरडा तुमचा! पोरीचं ऐकून तरी घ्या."

बबडीनं या वेळी माझ्या देखणेपणाबद्दल अवाक्षर काढलं नाही. "दोर, मोटर, ब्रेक सगळं नवं बसवायचं. दर महिन्याला तपासणी करायची. जमणार असेल तरच लाकूड आणि पितळ राहू दे. नाहीतर मीच म्हणते, काढून टाका."

माझ्या काळजात चर्र झालं. माझी बबडी हे बोलली! पण खरं तेच बोलली.

माझी दुरुस्ती झाली. पहिली फेरी बबडीनं एकटीनंच मारली, कुणालाही आत येऊ न देता.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर जीव जरूर लावा, पण नुसते ओवाळत बसू नका. आम्हाला उघडून बघा, झिजलेलं बदला, तेल घाला. आमच्या भरवशावर माणसं उभी असतात.

बाबा आता बरे झालेत. ते रोज जिन्यानं जातात. "डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय," म्हणतात. बबडी माझं दार धरून क्षणभर थांबते, मग ते हलकेच लावते आणि त्यांच्यामागोमाग पायऱ्या चढू लागते.